नायलॉन, पाणी आणि मोल्ड: शॉप फ्लोअरवर नव्यानं आलेल्यांसाठी

चाकण, वाळूज, अंबड, वसई. आयटीआय किंवा डिप्लोमा करून इथल्या एखाद्या इंजेक्शन मोल्डिंग शॉपमध्ये (वितळलेलं प्लास्टिक दाबानं मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, भरून पीस काढतात तिथे) लागलात की काही दिवसांतच मटेरियलची डेटाशीट हातात येते. ताकद, ताठपणा, आकसण्याचं प्रमाण, सगळे आकडे छापील. ते वाचून वाटतं की दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) हा असेल तर पीस असाच निघणार.

नायलॉन ६ ची कुठलीही डेटाशीट नीट बघा. ताठपणाच्या ओळीत बहुतेक वेळा दोन आकडे असतात. मोल्डमधून नुकत्याच निघालेल्या कोरड्या चाचणी-पट्टीचा सुमारे ३००० मेगापास्कल, आणि हवेतला ओलावा मुरलेल्या पट्टीचा सुमारे १०००. दाणा तोच, मशीन तेच. मधे आलंय ते फक्त अडीच-तीन टक्के पाणी. शिवाय ही पट्टी एका टोकाला गेट (मटेरियल आत शिरण्याचं तोंड) असलेल्या साध्या सरळ मोल्डमध्ये काढलेली असते. तुमच्या पीसला भोकं असतात, कोपरे असतात, जाड-बारीक भिंती असतात. म्हणून डेटाशीटवरचा आकडा वाचताना दोन प्रश्न सवयीनं विचारायचे: त्यात पाणी किती होतं, आणि तो पीस कसा भरला गेला?

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा, कारण जुने ऑपरेटरही इथे गोंधळतात. पाण्याची आपली गाठ दोनदा पडते: एकदा बॅरलमध्ये (दाणा वितळवणाऱ्या तापलेल्या नळीत) जाण्याआधी, दाण्यात, दुसऱ्यांदा मोल्डमधून बाहेर पडल्यावर, पीसमध्ये. पहिल्या वेळी ते जवळजवळ नेहमीच नुकसान करतं. दुसऱ्या वेळी नायलॉनच्या बाबतीत ते हवं असतं. खालच्या पायऱ्या याच क्रमानं आहेत.

पायरी १: आपला दाणा पाणी पितो का, ते बघा

पीपी (पॉलिप्रॉपिलीन), एचडी, एलडी (पॉलिथिलीनचे दोन प्रकार) हे दाणे पाणी पीत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांच्या अंगावर ओल बसते, आत मुरत नाही. मात्र टाल्क भरलेला पीपी किंवा काळा मास्टरबॅच (रंगासाठी मिसळायचा दाणा) ओलावा धरतो, हे विसरू नका. पीपीवर चंदेरी रेघा आल्या की सगळे दाण्याला दोष देतात, आणि बऱ्याचदा दोषी मास्टरबॅचची उघडी पिशवी असते.

एबीएस आणि ॲक्रिलिक थोडं पितात. नायलॉन मनसोक्त पितो. पाण्यात बुडवून ठेवला तर नायलॉन ६ आपल्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी घेतो, म्हणजे २५ किलोच्या गोणीमागे दोन लिटरच्या वर.

पॉलिकार्बोनेट, पीबीटी आणि पीईटी यांची गोष्ट वेगळी. ते पितात कमी, पण त्यांना सोसत अजिबात नाही. पॉलिकार्बोनेटला चालणारी मर्यादा ०.०२ टक्के आहे: अख्ख्या २५ किलोच्या गोणीत ५ ग्रॅम, एक चमचा पाणी. पीईटीला त्याच्याही चौथा हिस्सा. या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या बॅरलच्या उष्णतेत पाण्यानं तुटतात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, तो पीस नंतर कितीही सुकवला तरी.

पायरी २: गोणी सांभाळा

नायलॉनची गोणी आतून ॲल्युमिनियमच्या थराची असते ती उगाच नाही. फोडल्यावर दाणा काही तासांत ओलावा घ्यायला लागतो. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो तसा हा दाणाही सादळतो. पण त्याच्याकडे नुसतं बघून किंवा हात लावून ते कळत नाही. उरलेली गोणी घडी घालून क्लिप लावा आणि त्यावर फोडल्याची तारीख-वेळ मार्करनं लिहा. गोणी थेट फरशीवर ठेवायची नाही, पॅलेटवर ठेवायची.

थंड स्टोअरमधून गोणी आणली तर लगेच फोडू नका. बाहेरची दमट हवा थंड दाण्याला लागली की त्यावर दव धरतं. बंद गोणी आदल्या दिवशी फ्लोअरवर आणून ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) ग्राइंड केलेलं मटेरियल जास्त जपा. त्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि तुकडे लहान, त्यामुळे ओल लवकर धरतं. एकदा बॅरलमधून जाऊन आलेलं असल्यानं साखळ्याही थोड्या आखूड झालेल्या असतात. रनर पडला, गरम असतानाच ग्राइंड झाला, ठरलेल्या प्रमाणात परत हॉपरमध्ये (मशीनवरच्या दाण्याच्या टाकीत) गेला, ही पद्धत चांगली. पोत्यात भरून कोपऱ्यात आठवडाभर पडलेलं ग्राइंडिंग नायलॉनच्या कामात वापरायचं तर नव्या दाण्यापेक्षा जास्त वेळ सुकवावं लागतं.

पायरी ३: सुकवणं

हे आकडे वहीत उतरवून घ्या. आपल्या ग्रेडच्या डेटाशीटवर वेगळं दिलं असेल तर ते खरं मानायचं.

- एबीएस: ८०–८५ अंश, २–४ तास, ०.१ टक्क्याखाली
- नायलॉन ६ आणि ६६: ८० अंश, किमान ४ तास, ०.२ टक्क्यांखाली
- पॉलिकार्बोनेट: १२० अंश, ३–४ तास, ०.०२ टक्क्यांखाली
- पीबीटी: १२० अंश, ४ तास, ०.०४ टक्क्यांखाली
- पीईटी: १६०–१७० अंश, ४–६ तास, ०.००५ टक्क्यांखाली

आता ड्रायर. अनेक शॉपमध्ये हॉपरवर साधा हॉट एअर ड्रायर बसवलेला असतो. तो शॉपमधलीच हवा ओढतो, गरम करतो आणि दाण्यातून सोडतो. जानेवारीत पुण्यात तो बऱ्यापैकी काम करतो. जुलैत वसईला हीच हवा इतकी ओली असते की २४-२५ अंशांवर आणली तरी तिच्यातून दव पडायला लागतं. ती ८० अंशांपर्यंत तापवली तरी तिच्यातलं पाणी तिच्यातच राहतं, आणि नायलॉन त्या हवेशी जुळवून घेतो. मग चार तास घाला की आठ, ०.२ टक्क्यांच्या खाली जाणं मुश्कील. ताज्या फोडलेल्या सीलबंद गोणीतला कोरडा दाणा अशा ड्रायरमध्ये उलट ओला होऊ शकतो.

इथे डिह्युमिडिफायिंग ड्रायर लागतो. तो हवा आधी मॉलिक्युलर सीव्हच्या (ओलावा शोषणाऱ्या) गोळ्यांमधून नेतो आणि तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातून दव पडतं तो) उणे ३० ते उणे ४० अंशांवर आणतो. तुमच्याकडे असा ड्रायर असेल तर त्याचं दवबिंदूचं मीटर रोज बघा, नुसत्या तापमानाच्या आकड्यावर समाधान मानू नका. गोळ्या जुन्या झाल्या किंवा फिल्टर चोंदला तर तापमान बरोबर दाखवत राहतं आणि दाणा ओलाच राहतो.

दुसरा हिशेब हॉपरच्या मापाचा. मशीन तासाला १० किलो मटेरियल खात असेल आणि दाण्याला ४ तास सुकायचं असेल, तर हॉपरमध्ये कायम किमान ४० किलो दाणा हवा. २५ किलोचा हॉपर असेल तर वरून टाकलेला दाणा अडीच तासांत बॅरलमधल्या स्क्रूवर पोहोचतो. ड्रायरचा टायमर काहीही दाखवो, त्या दाण्याला चार तास मिळालेलेच नसतात. रात्रपाळीत हॉपर तळाला जाऊ देऊन एकदम भरण्याची सवय असते, तिचंही हेच होतं: सकाळच्या पहिल्या तासातले पीस खराब आणि नंतर आपोआप चांगले. लोक मशीन गरम व्हायला वेळ लागला म्हणतात. कारण बहुतेक वेळा हॉपरमध्ये असतं.

नायलॉन जास्त सुकवूनही चालत नाही. ९० अंशांच्या वर साध्या हवेत तासन्‌तास ठेवला तर पिवळा पडतो. फारच कोरडा झाला तर वितळल्यावर घट्ट वाहतो, प्रेशर वाढवावं लागतं, बारीक भिंती भरत नाहीत. शनिवारी ड्रायर चालू ठेवून सोमवारी यायचं असेल तर तापमान उतरवून जा.

पायरी ४: सुकलंय का, ते डोळ्यांनी बघा

ओलावा मोजायचं मशीन असेल तर उत्तमच. नसेल तर दोन गोष्टी करता येतात.

पहिली काचेची चाचणी. हॉट प्लेट २७० अंशांवर ठेवा (नायलॉन ६६ असेल तर २९०). त्यावर सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या मिनिटभर तापू द्या. एका पट्टीवर चिमट्यानं चार-पाच दाणे अंतर सोडून ठेवा, दुसरी पट्टी वरून ठेवून हलकेच दाबा. दाणा वितळून चपटा होतो, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. पट्ट्या काढून थंड होऊ द्या आणि उजेडासमोर धरा. काचेसारखा स्वच्छ ठिपका म्हणजे दाणा सुकलेला. एखादाच बुडबुडा दिसला तर ती दाबताना अडकलेली हवाही असू शकते. प्रत्येक ठिपक्यात बारीक बुडबुड्यांची गर्दी असेल तर हॉपर आणखी चालू ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही नवशिक्याला जमतं.

दुसरी खूण परजमध्ये. नोझल (बॅरलचं पुढचं तोंड) मागे घेऊन थोडं मटेरियल हवेत सोडा. सुकलेलं नायलॉन एकसंध, चकचकीत दोरीसारखं सावकाश उतरतं. ओलं असेल तर नोझलशी तडतड आवाज येतो, वाफ दिसते, आणि खाली पडलेला लोंदा फेसाळलेला, हलका असतो. तो थंड झाल्यावर पक्कडीनं मोडा, आत भोकं दिसतील. हे करताना फेस शील्ड आणि हातमोजे घालायचेच, आणि नोझलच्या समोर उभं राहायचं नाही. ओल्या मटेरियलची वाफ बॅरलमधून पिचकारीसारखी बाहेर येते. पीव्हीसी आणि ॲसिटल ही दोन मटेरियल तर बॅरलमध्ये कधीच एकत्र येऊ देऊ नका, परज करतानाही नाही.

पीसवरच्या चंदेरी रेघा हे ओलाव्याचं प्रसिद्ध लक्षण, पण त्या इतर कारणांनीही येतात. पीसभर पसरलेल्या असतील आणि परजही फेसाळत असेल तर पाणी. परज स्वच्छ आहे आणि रेघा ठरावीक जागीच येतात, तर अडकलेली हवा. बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्याच्यावर ठेवलेला दाब) थोडं वाढवून बघा. तापमान उतरवल्यावर कमी झाल्या, तर मटेरियल जळत होतं.

आणि ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. पॉलिकार्बोनेट आणि पीबीटीमध्ये पीस दिसायला निर्दोष असूनही आतून कमजोर असू शकतो. थोड्याशा पाण्यानं रेघा येत नाहीत, साखळ्या मात्र तुटतात. म्हणून नुसतं बघून पास करू नका. पीस टाकून, वाकवून, ठोकून बघा. शंका असेल तर दाण्याचा आणि पीसच्या तुकड्यांचा मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) शेजारी शेजारी काढा. मोल्डिंगमध्ये तो थोडा वाढतोच. बराच वाढला असेल तर साखळ्या तुटल्यात. आपल्याकडे सोय नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या (प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्र सरकारी) संस्थेकडून चाचणी करून घेता येते.

पायरी ५: मोल्डचं तापमान

सायकल टाइम कमी करायचा म्हणून सगळ्यात आधी मोल्डला चिलरचं थंड पाणी लावलं जातं. नायलॉनमध्ये याची किंमत नंतर मोजावी लागते. वितळलेलं नायलॉन थंड होताना त्याच्या साखळ्यांचा काही भाग नीट रचला जाऊन स्फटिक होतात. ८० अंशांच्या मोल्डमध्ये त्यांना वेळ मिळतो: पीस ताठ, झिजेला चिवट आणि मापात स्थिर होतो. ३० अंशांच्या मोल्डमध्ये वरचा थर झटक्यात गोठतो आणि रचना अर्धवट राहते. पुढे तो पीस इंजिनजवळ, गरम जागी बसला की उरलेली रचना तिथे पूर्ण होते आणि पीस आकसतो. माप इन्स्पेक्शनला बरोबर होतं, ग्राहकाकडे चुकलं.

पीईटीच्या बाटलीत नेमकं उलट हवं असतं. प्रीफॉर्म (बाटलीचा न फुगवलेला, जाड नळीसारखा आकार) झटपट थंड करून स्फटिक होऊ द्यायचे नाहीत, म्हणजे तो पारदर्शक राहतो. मग साधारण १०० अंशांच्या आसपास तापवून उभा-आडवा ताणून फुगवायचा. त्या ताणण्यानं साखळ्या दोन्ही दिशांनी ओळीत येतात, आणि इतकी पातळ बाटली सोड्याचा दाब सहन करते.

पावसाळ्यातली एक खास अडचण: थंड मोल्डला घाम फुटतो. हवेचा दवबिंदू २४ अंश आणि मोल्ड १५ अंशांवर, तर कॅव्हिटीवर (मोल्डच्या आतल्या पोकळीवर) पाण्याचे थेंब धरणारच. मग पाणी न पिणाऱ्या पीपीच्या पीसवरही डाग येतात आणि मोल्ड गंजतो. दाणा सुकवत बसू नका. मोल्डवर कोरडा हात फिरवा, ओला झाला तर चिलरचं तापमान वाढवा.

पायरी ६: मटेरियल कुठून कुठे गेलं

पीस हातात घेऊन आधी गेट शोधा. मटेरियल तिथून निघून कुठे गेलं असेल ते बोटानं पीसवर फिरवून बघा. भोकाला वळसा घालून दोन धारा जिथे पुन्हा भेटतात तिथे बारीक रेघ दिसते, ती वेल्ड लाईन. टॉर्चचा उजेड तिरका टाका म्हणजे नजरेत येते. पीस तुटला तर पहिला संशय हिच्यावर घ्यायचा. काच भरलेल्या नायलॉनमध्ये ही जागा फारच कमकुवत असते, कारण काचेचे तंतू रेघ ओलांडून पलीकडे जात नाहीत. ताकद निम्म्यावर येऊ शकते. मटेरियल आणि मोल्डचं तापमान वाढवून, वेग वाढवून, हवा निघायला व्हेंट देऊन थोडी सुधारणा होते. खरा उपाय गेटची जागा बदलणं, आणि तो टूल रूममध्येच (मोल्ड बनवतात-दुरुस्त करतात तिथे) होतो.

काचेचे तंतू पृष्ठभागाजवळ प्रवाहाच्या दिशेनं झोपतात. त्या दिशेनं पीस जास्त ताकदवान आणि कमी आकसणारा. ३० टक्के काचेचं नायलॉन प्रवाहाच्या दिशेनं ०.३ ते ०.५ टक्के आकसतं, आडवं त्याच्या दुपटीच्या आसपास. चपटा पीस वाकडा का निघतो याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं.

दिशेचं महत्त्व हातानं अनुभवायचं असेल तर खोक्याला बांधायची पीपीची पट्टी घ्या. लांबीच्या दिशेनं कितीही ओढा, तुटत नाही. मग टोकाशी नखानं उभी चीर द्या. सरळ रेषेत फाटत जाईल, तंतूही सुटतील. दाणा पीपीचाच, पण बनवताना एकाच दिशेनं ताणलेला. टोपणाची बिजागरीही अशीच: मोल्डमधून निघाल्याबरोबर, गरम असतानाच एक-दोनदा उघडझाप केली की तिथल्या साखळ्या आडव्या ताणल्या जातात आणि ती हजारो वेळा वाकते. गच्चीवरची पाण्याची टाकी रोटोमोल्डिंगची. तिथे दाब नाही आणि थंड होणं सावकाश, म्हणून आत अडकलेला ताण कमी. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये दोन थरांमधला सांधा कच्चा असतो, आणि नायलॉनचा फिलामेंट ओला असेल तर तो आणखी कच्चा.

पायरी ७: आता पाणी परत द्या

मोल्डमधून निघालेला नायलॉनचा पीस हाडासारखा कोरडा असतो. ताठ, पण ठिसूळ. स्नॅप क्लिप तासाभरात असेंब्लीला नेली तर मोडते, आणि मग भांडण मोल्डिंग आणि असेंब्ली या दोन विभागांत लागतं. तीच क्लिप पाणी मुरल्यावर सहज वाकते. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात. इथे साखळी तुटत नाही; पाणी गेलं की पीस पुन्हा ताठ होतो. केबल टायच्या पिशव्या सीलबंद असतात त्या टायमधलं हे पाणी उडून जाऊ नये म्हणून. पिशवी उघडी ठेवली की नागपूरच्या मे महिन्यात टाय कटाकट तुटतात, आणि रत्नागिरीच्या आषाढात त्याच टायची काही तक्रार नसते.

नैसर्गिकरीत्या हवेतून पाणी मुरायला पातळ पिसाला काही दिवस, जाड पिसाला कित्येक महिने लागतात. भिंत दुप्पट जाड झाली की वेळ चौपट. म्हणून पीस ८०-९० अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवतात. किती वेळ, हे घड्याळावर ठरवू नका, वजनावर ठरवा. मोल्डमधून निघाल्याबरोबर पीस तोला. ४० ग्रॅमचा साध्या नायलॉन ६ चा पीस ४१ ग्रॅम झाला की अडीच टक्के पाणी आत गेलं. तोलण्यापूर्वी वरचं पाणी पुसायला विसरू नका, नाहीतर तेच तोलाल. ३० टक्के काच असेल तर काच पाणी पीत नाही, म्हणून लक्ष्य पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. नंतर पीस एक-दोन दिवस बंद पिशवीत ठेवा. सुरुवातीला पाणी फक्त वरच्या थरात असतं, ते आत पसरायला वेळ हवा.

पाण्यानं माप वाढतं हेही मोजून घ्या. ४० मिलिमीटर व्यासाचा बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) अर्ध्या टक्क्यानं फुगला तर ०.२ मिलिमीटर झाले. तो लोखंडी घरात ठोकून बसवलेला असेल तर बाहेर फुगायला जागा नसते, मग आतल्या बाजूला सरकतो आणि शाफ्ट धरतो. ड्रॉइंगवरचं माप कोरड्या पीसचं की पाणी मुरलेल्या पीसचं, हे ग्राहकाला लेखी विचारा.

हा उपाय फक्त नायलॉनसाठी. पॉलिकार्बोनेटचे पीस गरम पाण्यात टाकू नका. त्यांना त्याचा काही फायदा नाही आणि साखळ्या तुटण्याचा धोका आहे.

पायरी ८: नोंद आणि तक्रार

प्रत्येक लॉटमागे इतकं लिहून ठेवा: गोणीचा बॅच नंबर, सुकवायला सुरुवात केली ती वेळ, ड्रायरचं तापमान आणि दवबिंदू, मोल्डच्या दोन्ही बाजूंचं प्रत्यक्ष मोजलेलं तापमान, पीसचं ताजं वजन, आणि चाचणी मोल्डिंगनंतर किती तासांनी झाली. शेवटची नोंद सगळेच टाळतात. ती नसेल तर नायलॉनच्या ताकदीच्या दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

तुटलेल्या पीसची तक्रार आली तर ग्राहकाला सांगा की तुकडे लगेच झिपच्या पिशवीत बंद करून पाठवा, शक्य तर त्याच लॉटचे दोन-चार न तुटलेले पीसही. आल्यावर पिशवी फोडून सगळ्यात आधी वजन करा, मग फोटो, मग बाकीचं. नायलॉनचा न तुटलेला पीस तुमच्या वहीतल्या ताज्या वजनाइतकाच भरला तर तो कोरडाच वापरला गेला होता, कंडिशनिंग (पाणी मुरवणं) सुटलंय. वजन व्यवस्थित वाढलेलं असेल तर तुकड्याची तुटलेली कड वेल्ड लाईनवरून गेली आहे का बघा. तीही नसेल, तर मेल्ट फ्लो इंडेक्स काढा आणि त्या दिवशीचं ड्रायरचं पान उघडा.